दुसरी मॅरेथॉन आणि पहिले एकवीस किलोमीटर

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या यजमानांनी वयाच्या ६४ व्या वर्षी आपली पहिली पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव पुरी केली. घरी पेढे वाटून झाले, पदक देवघराशेजारच्या खिळ्यावर लागले, आणि पंधरा दिवसांनी यजमानांनी जाहीर केले की, पुढच्या वर्षी हेच अंतर अर्धा तास लवकर संपवायचे. भगिनी विचारतात, "डॉक्टर, मी यांना अडवू, की पहाटे उठून चहा करून देऊ?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी वैद्यक व्यवसायातील चाळीस वर्षांमुळे जितका पात्र आहे, त्याहून अधिक एका जुन्या फजितीमुळे आहे. म्हणून आजच्या लेखात तीच आधी सांगतो.

२०१८ च्या जानेवारीत, वयाच्या ६३ व्या वर्षी, मी मुंबईत पहिली मॅरेथॉन धावलो. पहिले निम्मे अंतर २ तास ४५ मिनिटांत कापले आणि मनोमन स्वतःची पाठ थोपटली. उरलेल्या निम्म्याला ३ तास २७ मिनिटे लागली. परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ मी धावत नव्हे, तर कठड्याकडे आशेने पाहत चढलो. गुडघा कुरकुरू लागेल या भीतीने पहाटेच एक वेदनाशामक गोळी घेतली होती. आणि ‘भरपूर पाणी प्या’ असा उपदेश जन्मभर इतरांना केल्यामुळे, पाण्याचे प्रत्येक टेबल येताच थांबून ग्लास रिचवत होतो. ६ तास १२ मिनिटांनी रेषा ओलांडली तेव्हा डोके जड होते, मळमळत होते. मुलाला फोन करण्यासाठी पत्नीने त्याचा क्रमांक विचारला. तो मला आठवेना.

त्या रात्री मी रुग्णालयात होतो. रक्तातील सोडियम १२८ निघाले. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते. वजन पहाटेपेक्षा पाऊण किलोने वाढलेले होते. सहा तास घाम गाळून माणसाचे वजन वाढते याचा अर्थ एकच, शरीराला पेलवले त्याहून जास्त पाणी आत गेले आणि रक्तातले मीठ पातळ झाले. वेदनाशामक गोळीने मूत्रपिंडांचे काम आणखी अवघड करून ठेवले होते. हे सारे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो. पाणी बंद ठेवून व आवश्यक ते क्षार शिरेतून देऊन दुसऱ्या दिवशी मला घरी सोडण्यात आले. घरी येईपर्यंत पत्नी एक अक्षर बोलली नाही. चार दिवसांनी एवढेच म्हणाली, "पुन्हा धावायचे असेल तर धावा, अहो. पण वही माझ्याकडे राहील."

वहीविषयी पुढे सांगतो. तत्पूर्वी थोडे गणित, कारण दुसऱ्या मॅरेथॉनची सारी तयारी मला त्या गणितातून समजली.

माझी नवी इच्छा ५ तास ५० मिनिटांची होती. सरासरी काढली तर दर किलोमीटरला ८ मिनिटे १८ सेकंद. पहिल्या खेपेची सरासरी ८ मिनिटे ४९ सेकंद होती. म्हणजे किलोमीटरमागे ३१ सेकंद वाचवायचे. कागदावर हे पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो आपल्या सर्वांच्याच मनात येईल: अधिक जोरात धावायला शिकले पाहिजे. पण जुनी धाव दोन भागांत मांडली आणि चित्र पालटले. पहिले निम्मे अंतर मी किलोमीटरला ७ मिनिटे ४९ सेकंदांनी धावलो होतो, दुसरे ९ मिनिटे ४९ सेकंदांनी. ५ तास ५० मिनिटांत यायचे तर दोन्ही भागांना प्रत्येकी २ तास ५५ मिनिटे मिळतात. वाचकहो, याचा अर्थ ध्यानात घ्या. मला २२ मिनिटे लवकर पोहोचायचे होते आणि त्यासाठी पहिले २१ किलोमीटर पूर्वीपेक्षा १० मिनिटे सावकाश धावायचे होते! वेग मला कमी पडलेलाच नव्हता. शेवटी जे कोसळणे झाले, ते टाळायचे होते.

हे कोसळणे का होते? आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा असतो. तो साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास असतो आणि मॅरेथॉनला तो पुरत नाही. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही मुबलक असतो. सावकाश धावताना शरीर चरबीला अधिक हात घालते, वेग वाढवला की साखर भराभर उधळते. आरंभीच्या उत्साहात प्रत्येक किलोमीटरला अर्धे मिनिट वाचवणारा माणूस हा ठेव मोडून खर्च करणारा माणूस असतो. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास खाते रिकामे होते. त्यात वयाची भर. तिशीनंतर प्राणवायू वापरण्याची आपली कमाल क्षमता बैठ्या माणसांत दर दशकाला सुमारे १० टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते, पण असते. साठीच्या माणसाला चुकीची भरपाई करायला राखीव ताकद थोडी उरते, एवढे खरे.

या संदर्भात कॅनडातील एड व्हिटलॉक या गृहस्थांचे उदाहरण मला फार उपयोगी पडले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावण्याचा पराक्रम जगात प्रथम त्यांनी केला. वयाच्या ७० व्या वर्षी, २००१ साली, त्यांना ३ तास आणि २४ सेकंद लागले. हुकले ते अवघ्या २५ सेकंदांनी. पण २००३ साली ७२ व्या वर्षी त्यांनी टोरांटोत २ तास ५९ मिनिटे १० सेकंदांची नोंद केली, आणि पुढच्याच वर्षी, ७३ व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांची. वय वाढत होते आणि वेळ कमी होत होती. त्यांचा सराव कोणता? मिल्टन गावी घराजवळच्या दफनभूमीत, एकट्याने, जुन्या बुटांत, घड्याळाची तमा न बाळगता तासन् तास अगदी संथ धावणे. वेगाची धार ते अधूनमधून लहान अंतराच्या शर्यतींतून लावून घेत. आपण त्यांच्यासारखे रोज दोन-तीन तास धावू नये. त्यांच्या पायांना दशकांची सवय होती. संथपणा मात्र जरूर उचलावा.

संथ म्हणजे किती? धावता धावता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. नाडीचे आकडे मी मुद्दाम सांगत नाही. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र हा ढोबळ अंदाज आहे. शिवाय रक्तदाबासाठी वा हृदयासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही पुरेशी चढत नाही. मनगटावरचे घड्याळ त्यांना ‘अजून जोर लावा’ असे सांगत राहील आणि ते घातक ठरेल. बोलण्याची कसोटी कोणत्याही गोळीने फसत नाही.

सरावाला प्रारंभ जुलै २०१९ मध्ये झाला. त्यापूर्वी महिनाभर तपासण्या: रक्तदाब, साखर, मूत्रपिंडांचे कार्य, हिमोग्लोबिन, ब-१२ व ड जीवनसत्त्व, हृदयाचा आलेख, आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ट्रेडमिलवरची चाचणी. चाचणी निर्दोष आली म्हणजे अभय मिळाले असे नव्हे. धावताना छातीत दाब, जबडा वा हातात कळ, नेहमीच्या वेगालाही न पेलणारा दम, भोवळ, छातीतील धडधड यांपैकी काहीही जाणवले तर त्याच पावली थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हे वाक्य घरातील दुसऱ्या माणसानेही वाचलेले असावे, कारण धावणारा माणूस अशा गोष्टी लपवतो. मीही लपवल्या असत्या.

आठवड्याला चारच दिवस धावायचे ठरवले. दोन दिवस पाऊण ते एक तास गप्पांच्या गतीने. एक दिवस थोडा तेजीचा: आरंभी तीन मिनिटे वेगाने व दोन मिनिटे चालणे अशा पाच आवृत्त्या, दिवाळीपर्यंत त्यांच्या जागी सलग वीस मिनिटांची एक दमदार पण हातघाईवर न येणारी धाव. कधी वेताळ टेकडीचा चढ. रविवारी लांबची धाव. पहिल्या खेपेस मी ३४-३५ किलोमीटरच्या तीन धावा केल्या होत्या आणि प्रत्येक वेळी आठवडाभर लंगडलो होतो. या खेपेस अंतराऐवजी वेळेची मर्यादा घातली: चार तासांच्या पुढे एक मिनिटही नाही. माझ्या गतीला त्यात २५-२६ किलोमीटर बसत. तरुण मित्रांनी पुष्कळ चेष्टा केली. पण चार तासांनंतर माझ्या वयाच्या स्नायूंची जी झीज होते ती भरून यायला लागणारे दिवस पुढच्या सरावातून वजा होतात, हे मी पहिल्या वर्षी अनुभवले होते. तीन आठवडे वाढ, चौथ्या आठवड्यात कपात, असा क्रम डिसेंबरपर्यंत चालला. त्या वर्षी पावसाने ऑक्टोबर सरेपर्यंत पुण्याची पाठ सोडली नाही. कित्येक रविवारी इमारतीच्या वाहनतळात गोल गोल फिरलो. रखवालदाराला माझी कीव येई.

अमेरिकेचे जेफ गॅलोवे, जे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावले होते, त्यांनी धावण्याच्या मध्ये ठरावीक वेळाने चालण्याची पद्धत लोकप्रिय केली. मी पाच मिनिटे धावून एक मिनिट चालत असे, आणि तेही पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालणे आणि दमू नये म्हणून चालणे यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्या दिवशी अभिमान आडवा आला, दुसऱ्या आठवड्यात तो गळून पडला. डिसेंबरमध्ये मग दोन रविवारी शेवटचे सहा किलोमीटर ठरलेल्या ८ मिनिटे १८ सेकंदांच्या चालीने काढले, थकलेल्या पायांना ती चाल ओळखीची व्हावी म्हणून.

उरलेल्या तीन दिवसांपैकी दोन दिवस स्नायूंसाठी होते आणि, खरे सांगतो, वेळेतील सुधारणेचे निम्मे श्रेय मी त्यांना देतो. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे आणि हळूच खाली सोडणे, पायरीवर चढ-उतार, ओट्याशी उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे. वयपरत्वे पोटऱ्यांची ताकद सर्वांत आधी ओसरते आणि पाऊल आखूड होते. वृद्धांच्या चालण्यात आपण हे रोज पाहतो. ज्यांना कधीही मॅरेथॉन धावायची नाही त्यांनीही एवढे चार प्रकार करावेत, पडणे टळेल. एक दिवस संपूर्ण विश्रांती. आहारात प्रथिनांकडे लक्ष दिले. मूत्रपिंडांचा विकार नसेल तर साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम तरी हवे, सरावाच्या काळात थोडे अधिक. वरणभात आणि पोळीभाजी यांत ते सहजी भरत नाही. ताक, दही, पनीर, उसळी, चालत असल्यास अंडी, यांची भर लागते.

आता ती वही. पत्नी दररोज तीनच गोष्टी लिही: उठल्याबरोबरची नाडी, रात्रीची झोप, आणि तिच्या मते माझा स्वभाव. नाडी सलग दोन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त आली की त्या दिवशीचे धावणे रद्द. स्वभावाच्या रकान्यात ‘किरकिर’ हा शब्द दोनदा आला तरी रद्द. मी या दुसऱ्या नियमाला शास्त्रीय आधार मागितला. तिने उत्तर दिले नाही आणि नियम कायम राहिला. अतिसरावाचे पहिले लक्षण पुष्कळदा चिडचिड आणि बिघडलेली झोप हेच असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण स्वतःची किरकिर स्वतःला दिसत नाही. सहा महिन्यांत तिने मला अकरा वेळा घरी बसवले. त्यांतील निदान दोन प्रसंगी मी दुखापतीच्या उंबरठ्यावर होतो, असे आज वही चाळताना वाटते.

लांबच्या धावेच्या दिवशी चौथा रकाना असे, आधीचे आणि नंतरचे वजन. हे विशेष लक्षात घ्या. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून केवळ तहानेवर विसंबले तर पाणी कमी पडू शकते. आणि भीतीपोटी पीत राहिले तर माझ्यासारखी गत होते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम कमी आढळले, आणि त्यांत धावताना वजन वाढलेले व चार तासांहून अधिक वेळ घेणारे अधिक होते. म्हणजे धोका वेगवान गड्यांना कमी, आपल्यासारख्या सावकाश जाणाऱ्यांना जास्त. प्यायला वेळच वेळ असतो ना! धावेनंतर वजन एखाद-दीड किलो घटले तर माझ्यासारख्या ६८ किलोच्या माणसाला चालते. वाढले तर प्रमाण चुकले. काही रविवारी मोजल्यावर माझे माप कळले: घोट घोट, तासाला साधारण दोन ग्लास. त्यासोबत दर चाळीस मिनिटांनी खजूर, केळ्याचे काप वा खारी बिस्किटे. तासाला ३० ग्रॅमच्या वर पिष्टमय पदार्थ पोटात जावेत हा हेतू. धावताना खाण्याचीही सवय करावी लागते, शर्यतीच्या दिवशी नवा प्रयोग नको. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, या दिवसाचे औषधांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या धावेपूर्वी घेऊच नयेत. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा; परस्पर बंद करू नका.

शेवटचे तीन आठवडे सर्वांत कठीण गेले. सराव आधी पाऊणपट, मग निम्मा, मग नाममात्र करायचा असतो. पायांना बळ येते ते याच विश्रांतीत, पण मनाला वाटते की केलेले सारे वाया चालले. एका पहाटे मी बुटांच्या नाड्या बांधताना पकडला गेलो. त्या दिवशी वहीत काय लिहिले गेले ते येथे देत नाही.

जानेवारी २०२० मधला तो रविवार. सुरुवातीला पाऊण मुंबई मला मागे टाकून गेली. माझ्याहून वयस्क दिसणारे एक गृहस्थ पुढे गेले तेव्हा पाय शिवशिवले. घड्याळात पाहिले आणि चालण्याचे एक मिनिट चाललो. सी लिंकवर उजाडले. निम्मे अंतर २ तास ५६ मिनिटांत झाले, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपेक्षा ११ मिनिटे उशिरा. पण श्वास शांत होता. तिसाव्या किलोमीटरनंतर, आयुष्यात प्रथमच, मी इतरांना मागे टाकू लागलो. यात शौर्य काही नव्हते. ते मंदावत होते, मी तेवढाच होतो. पेडर रोडच्या चढावर ठरल्याप्रमाणे पत्नी आणि मुलगा उभे होते. तिने पहिला प्रश्न केला, "राहुलचा फोन नंबर सांगा." मी दहाही आकडे सांगितले तेव्हा तिने हातातले केळे दिले आणि पुढे जाऊ दिले.

दुसऱ्या भागाला २ तास ५८ मिनिटे लागली, एकूण ५ तास ५४ मिनिटे. ठरवल्यापेक्षा चार मिनिटे जास्त, पूर्वीपेक्षा अठरा मिनिटे कमी. वजन सव्वा किलोने उतरले होते.

तेव्हा साताऱ्याच्या भगिनींनो, यजमानांना अडवू नका. त्यांच्याकडून पहिल्या धावेच्या दोन्ही भागांच्या वेळा मागून घ्या आणि वरचे गणित शेजारी बसून एकदा करा. चहाचे म्हणाल तर तो त्यांनी स्वतः करून घ्यावा. तुम्ही वजनकाटा आणि वही ताब्यात घ्या. आणि जे वाचक ४२ किलोमीटरचा विचारही करणार नाहीत, पण सोसायटीच्या बागेतील पाच फेऱ्या गतवर्षीपेक्षा लवकर संपवू पाहतात, त्यांनी पहिल्या दोन फेऱ्यांचे घड्याळ लावून पाहावे. तिथेच बहुधा घाई झालेली आढळेल.

मॅरेथॉननंतरच्या पंधरवड्यात जिना उलटा का उतरावा लागतो, आणि त्या दिवसांत मालिश करावे की नाही, याविषयी बरीच पत्रे आहेत. ती पुढील अंकात घेतो.